लिनक्सवर टाकलेलं सॉफ्टवेअर रोज गायब होतंय (मदत हवी आहे, तातडीने)

काजूवाला_वेंगुर्ला
शिमग्याला आलेल्या भाच्याने लॅपटॉपवर लिनक्स करून दिलं. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले आणि ११ या मशीनवर चालणार नाही, असं त्याचं म्हणणं. मला काजूच्या पाकिटांची लेबलं करायची आहेत. त्यासाठी इंकस्केप हे चित्रं-डिझाइनचं सॉफ्टवेअर चार वेळा टाकलं. टाकलं की झकास चालतं, दुसऱ्या दिवशी मशीन लावलं की नाहीच! डॉट ईएक्सई लिनक्सवर चालत नाही हे दोन दिवस क्लिक करून कळलंय, ते परत सांगू नका. भाचा बोटीवर गेला, फोन लागत नाही. ऑर्डर अडलीय.

सुरंगी
कोणतं लिनक्स? व्हर्जन? सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकलं की टर्मिनलवरून, म्हणजे कमांड लिहून?

काजूवाला_वेंगुर्ला
साधंच लिनक्स. हिरवं.

टर्मिनल_तात्या
हिरवं म्हणजे मिंट, लिनक्सचाच एक प्रकार. फ्लॅटपॅक, म्हणजे लागणारं सगळं सोबत घेऊन येणारं पॅकेज, टाकलं असणार, तिथेच घोळ. टर्मिनल उघडा, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल इंकस्केप' लिहा, एंटर मारा. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काही दिसत नाही, घाबरू नका.

बिनखिडकीचा
तात्या, मिंटमध्ये चांदण्या दिसतात. आणि फ्लॅटपॅकला उठसूट नावं ठेवू नका. ॲप्टने जुनं व्हर्जन मिळतं, फ्लॅटपॅकमध्ये ताजं.

टर्मिनल_तात्या
ताजं मिळतं, आणि सोबत शेकडो एमबीचं वऱ्हाडही येतं. रेंज एक काडी असताना हॉटस्पॉटवर उतरवून दाखवा, मग बोलू.

काजूवाला_वेंगुर्ला
दोन्ही करून झालं. दोन्ही गायब.

परतीचा_पाऊस
मराठी टायपिंगसाठी आयबस आणि एम१७एन टाका, कीबोर्ड इन्स्क्रिप्ट निवडा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर मात्र तसाच उघडणार नाही, आधी युनिकोड करून घ्यावा लागेल. मी स्वतः सगळी पत्रिका अशी बदलली.

काजूवाला_वेंगुर्ला
लेबलं इंग्रजीत आहेत हो.

खाडीकाठ
अवांतर: ओले काजूगर इले काय बाजारात? शेकड्याक काय दर?

घाटावरचा
पायरेटेड विंडोज टाका नि मोकळे व्हा. धंदा करायचाय की संशोधन?

बिनखिडकीचा
आले! प्रत्येक लिनक्सच्या धाग्यावर एक तरी येतोच.

सुरंगी
भांडा नंतर. काजूवाले, सॉफ्टवेअर टाकताना पासवर्ड विचारतो का?

काजूवाला_वेंगुर्ला
कधीच नाही. भाच्याने काढून टाकला असेल.

सुरंगी
टर्मिनलमध्ये डॉलरच्या चिन्हाआधी काय दिसतं? आणि लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावलेला आहे का?

काजूवाला_वेंगुर्ला
मिंट ॲट मिंट. पेन ड्राइव्ह आहेच की, त्याशिवाय लिनक्स चालू कसं होणार? काढू नको म्हणून बजावून गेलाय.

टर्मिनल_तात्या
अरे देवा. आणि आम्ही इथे फ्लॅटपॅकवरून डोकी फोडतोय.

सुरंगी
तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवलेलंच नाही. पेन ड्राइव्हवरून चाललंय ते लाइव्ह सेशन, म्हणजे बघून घ्यायचा नमुना. त्यात जे टाकाल, जे सेव्ह कराल, ते रॅममध्ये राहतं. मशीन बंद केलं की रॅम रिकामी. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा गोल आयकॉन असेल, तो भाच्याने दाबलेलाच नाही. बहुधा तुम्हाला आवडतंय का ते बघायला ठेवून गेला.

काजूवाला_वेंगुर्ला
आयकॉन आहे. मला वाटलं जाहिरात. म्हणजे परवा लेबलाची फाईल उडाली तीपण यामुळेच? पोरीला ओरडलो होतो मी.

सुरंगी
यामुळेच. आज काय सेव्ह केलंय?

काजूवाला_वेंगुर्ला
३७ गिऱ्हाइकांचे पत्ते. सकाळपासून बसून टाइप केलेत. डॉक्युमेंट्समध्ये आहेत.

सुरंगी
मशीन बंद करू नका! बॅटरी किती आहे?

काजूवाला_वेंगुर्ला
बॅटरी केव्हाच मेली. थेट लाईटवर चालतो.

टर्मिनल_तात्या
आणि लाईट तुमच्याकडची! फाईल आत्ताच्या आत्ता स्वतःला ईमेल करा. त्याच पेन ड्राइव्हवर टाकायला जाऊ नका, तिथे जाणार नाही.

काजूवाला_वेंगुर्ला
गेली. मोबाइलवर उघडून बघितली, ३७ च्या ३७ आहेत. आता तो गोल आयकॉन दाबू?

सुरंगी
थांबा. जुनी बिलं, फोटो वगैरे लॅपटॉपच्या विंडोजमध्ये आहेत ना?

काजूवाला_वेंगुर्ला
पाच वर्षांची बिलं.

बिनखिडकीचा
मग आधी त्यांची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' असा पर्याय येतो. तो निवडलात तर विंडोजसकट सगळं साफ. 'अलाँगसाइड' निवडा, म्हणजे दोन्ही राहतील. विंडोज आधी नीट शट डाऊन केलेलं हवं, फास्ट स्टार्टअप बंद करून.

टर्मिनल_तात्या
बिनखिडकीच्याशी पहिल्यांदाच सहमत. पासवर्ड ठरवायला सांगेल, तो कागदावर लिहून ठेवा. त्यानंतर इंकस्केप पाचव्यांदा टाका, ॲप्टनेच.

घाटावरचा
मी म्हणत होतो...

काजूवाला_वेंगुर्ला
आज नको. लाईट दोनदा लुकलुकली. रविवारी पोरगी घरी असेल, तिला बसवून करतो. तिला सांगायचंही आहे. लेबलं तोवर छापखान्यात देतो.

खाडीकाठ, दर व्यनि (खाजगी निरोप) केलाय.