थिएटरचा वाटा वाचतो, हे अर्धंच खरं

‘सिनेमा थेट ओटीटीवर आणला की थिएटरवाल्याचा वाटा वाचतो’ हा मुद्दा पटतो, पण आकडा मांडून बघा. बेळगावात १५० रुपयांचं तिकीट धरा. १८ टक्के जीएसटी वजा जाता उरतात १२७. मल्टिप्लेक्समध्ये वितरकाचा (निर्मात्याच्या वतीनं सिनेमा थिएटरांना देणाऱ्याचा) वाटा साधारणपणे पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ टक्के असतो. म्हणजे पहिल्या आठवड्यातही सिनेमावाल्यांच्या हाती येतात जेमतेम ६३.५० रुपये. १०० कोटी वसूल करायला त्या दरानं दीड कोटीहून जास्त तिकिटं खपावी लागतात, आणि प्रसिद्धीचा खर्च वेगळाच.

ओटीटीची रक्कम ठरलेली, बुडायची भीती कमी. पण पैसे एकरकमी क्वचितच मिळतात. करार, प्रिंट सुपूर्द करणं, प्रदर्शन असे हप्ते पडतात आणि तोवर फायनान्सरचं व्याज चालूच राहतं. शिवाय सिनेमा कितीही गाजला तरी वरचा पैसा प्लॅटफॉर्मचा. स्वच्छ एचडी पायरसी कॉपी पहिल्याच दिवशी फिरते ती निराळी.

मोठ्या हिंदी सिनेमानं आधी थिएटरच गाठावं, असं माझं ठाम मत. त्यात थिएटरनंतर ओटीटीवर यायला आठ आठवडे थांबायची अट पाळावी लागते. त्याआधी ओटीटीवर येणारा हिंदी सिनेमा मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या लावत नाहीत. मात्र ओटीटीचा करार प्रदर्शनाआधीच करून घ्यावा. सिनेमा पडल्यावर भाव पाडूनच मागतात, आणि कमाईशी बांधलेला करार असेल तर रक्कम आपोआप घटते. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-खानापूरच्या प्रेक्षकासाठी मराठी सिनेमाचं गणित मात्र वेगळं. तिथे मुळात शो मिळणंच अवघड.