दोन लिटरची बरणी आणि दुप्पट वेळ

बरणी झाकण लावून पाण्यात उकळायची आणि आतला पदार्थ टिकवायचा, त्यात एक लिटरच्या बरणीची उकळण्याची वेळ दुप्पट केली तर दोन लिटरच्या बरणीत शेंगा टिकवता येतील का, असं एकांनी विचारलंय. कृपया करू नका. बाहेर पाणी खळखळत असलं तरी मोठ्या बरणीच्या अगदी मध्यापर्यंत उष्णता पोचायला फार वेळ लागतो, आणि तो साध्या पटीत वाढत नाही. त्यात शेंगा, मका, मांस हे कमी आंबट पदार्थ, पीएच ४.६ च्या वरचे. बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा, तिच्या जिवाणूंचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीतही तग धरतात आणि पुढे बंद बरणीत विष तयार करतात. तिथे प्रेशर कॅनरमधले, म्हणजे बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवायच्या भांड्यातले, ११६ अंश तरी हवेतच. हे विष वासावरून कळेलच असं नाही, मला खरी भीती त्याचीच वाटते.

अमेरिकी कृषी खात्याच्या मार्गदर्शिकेत दोन लिटरच्या आसपासच्या बरण्या फक्त सफरचंद आणि द्राक्षाच्या रसासाठी आहेत. टोमॅटो एक लिटरच्याच बरणीत भरा, प्रत्येकीत दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालून.

बरण्या पूर्ण गार झाल्या की मी झाकणाभोवतीची आट्यांची रिंग काढून झाकण मधोमध बोटाने दाबते. जराही टकटकलं तर ते हवाबंद झालेलं नाही, ती बरणी थेट फ्रिजमध्ये. मोठ्या बरण्यांत कोरडी धान्यं भरा, त्यासाठी त्या उत्तम.