न चालणाऱ्या माणसांना टेकडीवर न्यावं का?

टेकडीकर:
गेल्या पावसाळ्यानंतर पुण्यात कोथरूडमधल्या आम्ही चौघांनी एक गट सुरू केला. अट एकच: रोज चालणाऱ्याने एकट्याने यायचं नाही, न चालणारं एक माणूस सोबत आणायचं. रविवारी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी जमतो. सोबत चहाचा थर्मास आणि गूळ-शेंगदाणे. माथ्यावरच्या वेताळाच्या देवळापर्यंत पोचलंच पाहिजे असं काही नाही. जुन्या दगडखाणीपाशी बसून मोराची हाक ऐकली तरी रविवार सत्कारणी लागतो.

पहिल्याच रविवारी आमच्या इमारतीतले एक काका पहिल्या चढावर थांबले. धाप लागली होती. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, माझ्यामुळे खोळंबा नको." आणि आम्ही सगळे खरंच पुढे गेलो, मीसुद्धा. काका पुन्हा आले नाहीत. ते वाक्य तेव्हापासून मनात रुतून बसलंय. आपण ज्यांना आळशी म्हणतो, त्यातल्या कितीतरी जणांना मागे पडायची लाज वाटते. डॉक्टर 'चाला' म्हणतात, घरचे टोमणे मारतात, पण सोबत हळू चालायला कोणी तयार नसतं. म्हणून असे गट प्रत्येक टेकडीवर हवेत, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

घाटवाट:
मला पटत नाही. पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरतोय. ओढून आणलेला माणूस दोन रविवार येतो, फोटो काढतो आणि गायब होतो. ज्याला आतून ओढ असते, तो एकटाही निघतो. शिवाय 'मजा करायला या' म्हणून माणसं बाहेर काढली, की धोक्याची जाण यायच्या आधी त्यांचा धीर वाढतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आधी दम आणि शिस्त कमवा, मग डोंगर.

सालई:
माझा आक्षेप वेगळा आहे. टेकडीचा विचार कोणी केलाय का? वेताळ टेकडी ही बाग नाही. टिटवी आणि तित्तर उघड्या जमिनीवर अंडी घालतात. वीस माणसं गप्पा मारत पायवाट सोडून गवतातून गेली, की ती अंडी पायाखाली जातात. एका पायवाटेच्या तीन होतात, मग पावसात माती वाहून जाते. आधीच वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्प या परदेशी झाडाने अर्धी टेकडी व्यापलीय. सालई, गणेर, मोई ही इथली मूळ झाडं शोधावी लागतात. माणसांच्या आरोग्यासाठी टेकडीचं आरोग्य बिघडवायचं का? गर्दी वाढवायला माझा विरोध आहे आणि राहील.

खराडीची मीनल:
ही सगळी चर्चा पश्चिम पुण्याची चाललीय. मी शहराच्या पूर्वेला, खराडीत राहते. वेताळ टेकडी गाठायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि आठवड्यातली एकच सुट्टी स्वयंपाक नि धुण्यात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये आकडे दिले होते. भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २०२२ मध्ये जवळपास निम्मं होतं. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. हा फरक लाजेने पडलेला नाही, टेकडीकर. सकाळी सहाला एकटी बाई झाडीत शिरायला घाबरते. माझ्या घरापासून बसथांब्यापर्यंत सलग पदपथ नाही, जो आहे त्यावर दुचाक्या उभ्या असतात. गट काढण्यात जी ताकद जाते ती नगरसेवकामागे लागून पदपथ मोकळे करण्यात घाला. ही संघटना सांगते तेवढं, आठवड्याला १५० मिनिटं चालणं तिथेच होईल.

नानी६४:
घाटवाट, मी ओढून आणलेलीच आहे हो. सुनेने हाताला धरून पर्वतीवर नेलं. १०३ पायऱ्या, त्यात सहा वेळा बसले. दोन वर्षं झाली, अजून जाते. अजूनही दोनदा बसते. मीनलचं मात्र खरं आहे. सून सोबत नसती तर मी घरातून निघालेच नसते.

लेस्टरकर:
इथे इंग्लंडमध्ये दर शनिवारी सकाळी 'पार्करन' असतं, ५ किलोमीटर, फुकट. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावणाऱ्यांनी सुरुवात झाली. माझं वजन ९८ किलो असताना मी पहिल्यांदा गेलो. वाटलं होतं, शेवटचा येणार आणि सगळे बघणार. पण तिथे एका स्वयंसेवकाचं कामच असतं सगळ्यात मागून चालायचं. त्यामुळे आलेला कोणीही शेवटचा ठरत नाही. त्या दिवशी माझ्यामागे एक निवृत्त शिक्षिका चालत होत्या. पूर्ण वेळ त्यांच्या बागेतल्या वालाबद्दल बोलल्या, माझ्या वेगाबद्दल एक शब्द नाही. तेवढ्यासाठी मी पुढच्या शनिवारी गेलो. टेकडीकर, तुमच्या काकांच्या मागे कोणी असतं तर?

घाटवाट:
नानी, तुमच्यापुढे माझं 'टिकत नाही' मागे घेतो. पण पर्वतीला पायऱ्या आहेत, कठडा आहे. डोंगराचं तसं नाही. पावसाळ्यात न चालणाऱ्यांना घेऊन धबधब्यांकडे कोणी जाणार असेल, तर माझा विरोध कायम.

टेकडीकर:
लेस्टरकर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. आम्ही चौघं चढात नेहमी पुढेच असायचो, वाट दाखवायला म्हणून. वाट तर सगळ्यांना दिसते. या रविवारपासून मी मागे. काकांकडे काल जाऊन आलो. 'बघू' म्हणाले.

घाटवाट, धबधबा आमच्या यादीत नव्हता, येणारही नाही. सालई, दहाच्या वर माणसं नेणार नाही आणि मळलेली वाट सोडणार नाही. पण टेकडीवर माणसंच नकोत, हे मी मानत नाही. टेकडीवरून न्यायचा बेत असलेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याला विरोध करायला जी माणसं उभी राहिली, त्यांत रोज टेकडीवर फिरणारे किती होते ते आठवा. ज्याने टेकडी पाहिलीच नाही, तो तिच्यासाठी कशाला भांडेल?

मीनल, तुम्हाला माझ्याकडे उत्तर नाही. पदपथाचा अर्ज लिहिलात तर सही करेन, पण तेवढ्याने तुमची सुट्टी मोकळी होत नाही, हे कळतं.

सालई:
दहाचा आकडा पाळलात तर मी येते. मार्च-एप्रिलमध्ये खाणीच्या वरच्या माळावर टिटव्या बसतात, तेव्हा ती बाजू पूर्ण बंद ठेवायची. कुठून वळायचं ते मी दाखवेन. आणि थर्माससोबत कागदी पेले आणू नका, ज्याने त्याने आपला पेला आणावा.

खराडीची मीनल:
अर्जाचा मसुदा आज रात्री इथेच टाकते. खराडी, चंदननगर, वडगाव शेरीतलं कोणी वाचत असेल, तर कुठे कुठे पदपथ तुटलाय ते लिहा.