मुलीचं इन्स्टावर रिकव्हरी अकाउंट आहे, फोन काढून घेऊ का?

रत्नागिरीची_आई
मुलगी अकरावीत आहे. दहावीनंतरच्या सुट्टीत जेवण कमी कमी करत गेली, आम्हाला वाटलं डाएटचं खूळ असेल, मग पाळी बंद झाली, जिना चढताना चक्कर यायला लागली. इथल्या एका डॉक्टरांनी 'या वयात होतं असं' म्हणून टॉनिक दिलं, त्यात तीन महिने गेले. शेवटी कोल्हापूरला नेलं तर ॲनोरेक्सिया निघाला, म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणं तोडायचा आजार. आता सुधारतेय. पण तिने नाव न देता रिकव्हरी अकाउंट काढलंय, आजारातून बरं होताना काय काय होतं ते टाकायचं अकाउंट, रोज ताटाचा फोटो टाकते. परवा घावणे नि नारळाचा रस केला होता, फोटोचा अँगल जमेपर्यंत घावणे गार. खाल्ले मात्र दोन, आणि वर 'फिअर फूड', म्हणजे खायची भीती वाटते तो पदार्थ, असं लिहून पोस्ट. घावण्याला कसली गो भीती, विचारलं तर रुसली. अनोळखी मुलींनी शाबास म्हटलं की खाते, मी म्हटलं की नाही. काय करू?

चिपळूणकरीण२१
काकू एकदम काढून घेऊ नका. मी बुलिमियातून (खूप खायचं नि मग ओकून काढायचं, तो आजार) गेलेय, तेव्हा वाडीत सगळे 'बारीक झालीस, छान दिसतेस' म्हणायचे, सांगणार कोणाला. इन्स्टावर एक मुलगी भेटली, तिला रात्री फक्त 'आज नाही जमलं' एवढं लिहायचे, तेवढ्याने पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसायचा धीर यायचा. पण त्याच अकाउंटांवर आधीचे-नंतरचे फोटो असतात ना, ते बघून मला वाटायचं मी तर एवढी आजारी नव्हतेच, मग उपचार कशाला. आणि 'दिवसभरात काय खाल्लं' वाल्या रील्स!! तिच्या ताटात किती नि माझ्या ताटात किती, बरं होण्याचीसुद्धा शर्यत. तिलाच विचारा, कुठलं अकाउंट बघून झाल्यावर जेवावंसं वाटतं नि कुठलं बघून नाही. तिला बरोबर माहीत असणार.

दापोलीचा_दादूस
फोन समुद्रात टाका. आम्ही पेज नि सुका बांगडा खाऊन वाढलो, काय झालं?

चिपळूणकरीण२१
दादा हा आजार आहे, नखरे नाहीत. बांगडा तुम्ही खा.

कुडाळ_समुपदेशक
शाळेत समुपदेशन करते म्हणून लिहिते. इन्स्टावर कोणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमला बरं होणं आणि आजारी पडणं यातला फरक कळत नाही, त्याला एवढंच दिसतं की ही मुलगी शरीर-जेवण-वजन यावर थांबते, मग तेच वाढतं. २०१२ मध्ये टम्बलर, पिंटरेस्ट, इन्स्टाग्रामने उपाशी राहण्याचं कौतुक करणाऱ्या पोस्टवर बंदी घातली, तर लोक हॅशटॅगची स्पेलिंग बदलून परत आले. २०२१ मध्ये फेसबुकमध्येच काम केलेल्या फ्रान्सिस हॉगनने फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर काढली (इन्स्टा त्यांचंच), त्यात कंपनीच्याच पाहणीत होतं की शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या मुलींपैकी ३२ टक्के म्हणाल्या इन्स्टामुळे अजून वाईट वाटलं. सेटिंगमध्ये सुचवलेला कंटेंट रीसेट करता येतो, ते दोघींनी मिळून करा, तिच्या मागून नको. ताटात काय नि किती हे सध्या इन्स्टाने नाही, तुम्ही आणि डॉक्टरांनी ठरवायचं, कुटुंबाला धरून उपचार करतात त्यात सुरुवातीला आईवडीलच हे हातात घेतात. जेवताना फोन बाजूला, तुमचासुद्धा. अकाउंटबद्दल डॉक्टरांना सांगितलंय का? मधेच घाबरायला झालं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण चक्कर येऊन पडली किंवा छातीत धडधडलं तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना.

रत्नागिरीची_आई
डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, सोमवारी कोल्हापूरला जायचंय तेव्हा सांगते, आंबा घाटात गाडी लागते तिला, त्यामुळे रस्त्यात हा विषय काढणार नाही. काल चिपळूणच्या ताईचा प्रश्न विचारला. आधी गप्प, मग स्वतःच फोन घेऊन शेजारी बसली नि अकरा अकाउंट अनफॉलो केले, दोन तर माझ्या डोळ्यांना अगदी निरोगी दिसत होते, ती म्हणाली तुला नाही कळायचं. एक ठेवलंय, ती मुलगी फक्त तिच्या मांजराचे फोटो टाकते. रात्री कुळथाची पिठी-भात होता. फोटो काढला, पण टाकला नाही.