मदत हवी आहे: विद्यापीठाच्या ऑनलाइन सूचनाफलकाची विभागणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी एका विद्यापीठात कार्यालयीन काम करते. आमच्याकडे सूचनांसाठी काचेचा फलक आहे, त्याची किल्ली शिपाईमामांच्या खणात असते. शिवाय १८-२० व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. मागच्या महिन्यात एम.ए.ची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेलं. मुदत आदल्या दिवशीच संपली होती. सूचना ग्रुपवर पडली होती, पण त्याच दुपारी तास रद्द झाल्याचा निरोप आला, त्यावर ढिगाने 'ओके सर' आणि मग कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो. सूचना खाली गाडली गेली. यात तिची चूक मला काही दिसत नाही.

आता नवीन ऑनलाइन फलकाचं काम माझ्याकडे आलंय. सॉफ्टवेअर संगणक विभाग बघेल. फलकाचे भाग कोणते, लिहायचं कुणी, काढायचं कुणी, हे मला ठरवायचंय.

म्हणून आधीच्या लोकांनी काय केलं ते वाचत बसले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या संगणकावरून शिकवण्याच्या यंत्रणेवर अडचणी नोंदवायला आधी एकच उघडी फाइल होती. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं पुसावं, आणि लिहिलं कुणी ते कळायचं नाही. १९७३ साली डेव्हिड वूली या तरुणाने तिथे 'नोट्स' नावाचा ऑनलाइन फलक तयार केला. त्याने तीनच भाग ठेवले: यंत्रणेच्या सूचना, मदत आणि सर्वांसाठी खुला भाग. एका नोंदीखाली ६३ पर्यंत उत्तरं बसायची आणि ती त्या नोंदीलाच जोडलेली राहायची. आमच्या ग्रुपांवर नेमकं हेच होत नाही.

माझे प्रश्न:

भाग विभागवार करावेत की विषयवार? शिष्यवृत्ती तर सगळ्याच विभागांची असते. आणि मुदत संपलेली सूचना लगेच काढावी का? काचेच्या फलकावर गंजलेल्या टाचणीला दोन वर्षांपूर्वीचा कागद लटकलेला असतो, ते इथेही होऊ द्यायचं नाहीये.

प्रतिसाद १

ताई, विषयवारच करा. मुलगा 'शिष्यवृत्ती' शोधत येतो, ती कोणत्या टेबलावरून निघाली याच्याशी त्याला काय करायचंय?

यूजनेटचंच बघा, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरचे जुने चर्चाफलक. ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये त्याची कल्पना मांडली. तिथे आधी 'नेट' आणि 'मॉड' अशा शाखा होत्या, म्हणजे मजकूर कुणी तपासतं की नाही यावरून. पसारा वाढल्यावर ते जमेना. १९८७ मध्ये नावं बदलून विषयावरून सात शाखा केल्या: संगणक, विज्ञान, समाज, करमणूक, वादचर्चा, खुद्द यूजनेट आणि इतर. तपासनीस राहिला, फक्त फलकाच्या नावातून गेला. तुम्हीही लिहिण्याचा हक्क प्रत्येक विषयाच्या टेबलाला द्या, पण फलकाला नाव विषयाचंच ठेवा.

जुनी सूचना मात्र पुसू नका. मी परीक्षा विभागात आहे. पुनर्मूल्यांकनाचा वाद निघाला की पहिली मागणी त्या वेळच्या परिपत्रकाची, तीही जावक क्रमांकासकट. मुदत संपली की सूचना आपोआप संग्रहात जाऊ दे. अंतिम तारीख शीर्षकातच लिहा, आत उघडायला लावू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. जावक क्रमांक माझ्या यादीतच नव्हता, आजच घालते.

एक अजून अडतंय. मुलींच्या वसतिगृहाच्या याद्यांत नावं आणि खोली क्रमांक असतात. त्या सगळ्या विद्यापीठाला दिसता कामा नयेत. प्लेटोवर १९७६ पासून गटांना आपापले फलक सुरू करता यायचे आणि कुणाला आत घ्यायचं तेही ठरवता यायचं, तसं काहीतरी हवंय. तुमच्याकडे अशी वेगळी प्रवेशयादी कोण सांभाळतं, रेक्टर मॅडम की संगणक विभाग? आणि वर्ष संपल्यावर वसतिगृह सोडलेल्या मुलींची नावं त्यातून कोण काढतं?