मेणबत्त्यांचा छंद, आता धंदा करू काय?

राजारामपुरीकर: वर्षभर घरीच सोया वॅक्सच्या (सोयाबीन तेलाच्या मेणाच्या) मेणबत्त्या करतेय, मैत्रिणी म्हणतात लई भारी, विक की. पण २०० ग्रॅमच्या डब्याला दर किती लावू तेच कळंना, नोंदणी लागते काय?

हिशेबी: ताई, मेण, वात, सेंट, डबा, गॅस सगळं वहीत मांडा, आणि स्वतःची मजुरी पण, ती सगळेच विसरतात बघा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

रंकाळाप्रेमी: सेंट मेणाच्या ६ ते १० टक्केच घाला, जास्त झालं की मेणाला घाम सुटतो, म्हणजे वर तेलाचे थेंब येतात. ओतल्यावर १०-१५ दिवस ठेवा मगच विका, मी दिवाळीत घाईनं महाद्वार रोडला टेबल मांडलं, पेटवून दाखवलं तर वासच येईना, निम्मा माल परत घरी.

राजारामपुरीकर: अगंबाई, मी तर दुसऱ्याच दिवशी मैत्रिणींना वाटत होते की!