'मूर्तिभंजन' की 'प्रतिमाभंजन'?

प्रश्न :
कॉन्स्टँटिनोपलचे कुलपती (तेथील ख्रिस्ती चर्चचे प्रमुख, म्हणजे पॅट्रिआर्क) निकेफोरॉस (पहिले) यांच्या चरित्राचा मराठी मसुदा वाचताना एका स्नेह्यांनी माझा 'मूर्तिभंजन' हा शब्द खोडून 'प्रतिमाभंजन' केला. बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट पाचवा लिओ याने ८१५ मध्ये ज्या आयकॉनच्या, म्हणजे ख्रिस्त व संतांच्या पूज्य प्रतिमांच्या, वादातून निकेफोरॉस यांना पदच्युत केले, ती आयकॉन म्हणजे बहुतेक फळ्यांवर वा भिंतींवर रंगवलेली चित्रे होती, हे मान्य. तरीही रूढ शब्द का सोडावा?

प्रतिसाद १ :
मूर्ती म्हटली की आपल्याला पाषाण नाहीतर पितळ दिसते, म्हणून स्नेह्यांचे बरोबर आहे. मी तर 'तसबीर' सुचवीन. देव्हाऱ्याच्या वर टांगलेली, काचेवर गंधाचे बोट उमटलेली आजीची तसबीर आयकॉनला सर्वांत जवळची आहे.

प्रतिसाद २ :
बायझंटाइन धर्मचर्चेत 'तसबीर' हा अरबी वळणाचा शब्द खटकतो. शिवाय 'मूर्ती' म्हणजे केवळ दगड नव्हे, जे साकार झाले ते मूर्त, आणि वाद नेमका साकारतेचाच होता. ख्रिस्त अमर्याद असल्याने तो रेषांत बांधता येत नाही, असे प्रतिमांचे विरोधक म्हणत. हद्दपारीत लिहिलेल्या खंडनग्रंथांत निकेफोरॉस यांनी चित्रण आणि परिसीमन (सीमेत बांधणे) या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. चित्र मूळ व्यक्तीशी सादृश्य राखते, तिला कोंडत नाही, हे त्यांचे उत्तर मला अतिशय मोलाचे वाटते.

प्रतिसाद १ :
'तसबीर' शतकानुशतके आपल्या घरात नांदते आहे, तिला परकी कसे म्हणावे? आणि खरी अडचण 'भंजना'त नसून 'पूजे'त आहे. ७८७ च्या निकीया येथील धर्माचार्यांच्या परिषदेने प्रतिमांना वंदन विहित ठरवले आणि आराधना केवळ देवासाठी राखली. त्या परिषदेला निकेफोरॉस दरबारचे सचिव म्हणून हजर होते. प्रतिमांचा पक्ष घेतल्याबद्दल त्यांच्या वडिलांना सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनने हद्दपार केले होते. अशा माणसाला 'मूर्तिपूजक' म्हणणे म्हणजे विरोधकांचा आरोपच त्यांच्या माथी मारणे होय. 'प्रतिमावंदक' लिहावे.

प्रतिसाद ३ :
त्याआधी 'कुलपती' काढावे. महाराष्ट्रात कुलपती म्हटले की विद्यापीठ आणि राज्यपाल आठवतात. ८०६ मध्ये निकेफोरॉस यांना धर्मदीक्षाही झालेली नव्हती. अशा गृहस्थाला थेट त्या आसनावर बसवल्यामुळे मठाधिपती थिओडोर स्टुडाइट आणि त्यांचे मठवासी संतापले. हा तंटा 'कुलपती' या शब्दातून वाचकापर्यंत पोहोचणारच नाही. 'बिशप' जसा रुळला, तसा 'पॅट्रिआर्क'ही रुळू द्यावा.

प्रतिसाद २ :
प्रत्येक पद जसेच्या तसे उचलायचे असेल, तर मग 'आयकॉन'च्या मराठीचा आग्रह तरी कशाला? 'महाधर्मगुरू' लिहिण्यास कोणती हरकत आहे?